रिव्हॉल्व्हरला खोबरेल

यंदा मंडळाच्या गणपतीत आरती झाल्यावर एक गृहस्थ माझ्या पाया पडायला वाकले आणि मी पाय खुर्चीखाली ओढून घेतले. चांगले चारचौघांच्या देखत. ते तसेच अर्धवट वाकलेले राहिले, मग जमिनीवरून काहीतरी उचलल्यासारखं करून सरळ झाले आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. आपल्या या अंकाचं काम बघणारी प्राची मला बाजूला घेऊन म्हणाली, "काकू, असं काय केलंत?"

"मुद्दाम केलं," म्हटलं.

"बरं, ते जाऊ दे. दिवाळी अंकासाठी तुमच्या नोकरीवर लिहा ना. मराठी बाई आणि बंदुका! मस्त विषय आहे. हलकंफुलकं लिहा."

हलकंफुलकंच लिहायला बसले होते गं प्राची. तीन कागद फाडले. जे आहे ते लिहिते, छापायचं की नाही ते तू ठरव. त्या गृहस्थाचं खरं नाव मात्र लिहीत नाही. इनामदार म्हणू या. त्याला शोभून दिसतं.

तर आधी माझी नोकरी. सिंगापूरच्या पश्चिम अंगाला एक नेमबाजीचा क्लब आहे, त्याच्या आर्मरीत, म्हणजे शस्त्रं ठेवायच्या खोलीत, मी चौदा वर्षं काम केलं. लोकांना वाटतं मी खांद्याला रायफल लटकवून फिरत असेन. कसलं काय! फडकं, तेलाची बुधली, ब्रश आणि एक जाडजूड रजिस्टर, हे माझं युद्धसाहित्य. सदस्य आला की त्याचं शस्त्र कपाटातून काढायचं, रिकामं असल्याचं त्याला दाखवायचं, स्वतः बघायचं, रजिस्टरमध्ये लिहायचं. त्याचं झालं की पुन्हा तेच उलट. मग साफ करायचं. पुन्हा लिहायचं. कोणी हात लावला, कशासाठी लावला, कधी ठेवलं. शस्त्राला हात लागला की रजिस्टरला पेन लागलंच पाहिजे. हा एक नियम पाळला तर बाकीचे नियम आपोआप पाळले जातात, असं मला ज्यानं शिकवलं तो म्हणजे अंकल सेंग. त्याच्याबद्दल पुढे येतंच. सगळं त्याच्याबद्दलच आहे.

मी नववीपर्यंत शिकलेली. मिरजेला माझ्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं. भाऊ क्रिकेट खेळायचा, मी स्प्रिंगा जुळवायची. लग्न होऊन इकडे आले, नवरा जहाजांच्या इंजिनांचा फिटर. बुकित बातोकच्या ब्लॉकमध्ये आम्ही फ्लॅट घेतला आणि मी शेजारणींची मशीनं नीट करून द्यायला लागले. खालच्या मजल्यावरची एक चिनी म्हातारी होती, तिचं पायमशीन मी दुरुस्त केलं. तिचा भाऊ म्हणजे सेंग. त्यानं ते मशीन उघडून बघितलं, चाक फिरवलं, कान लावून ऐकलं, आणि विचारलं, "हू डू धिस?" वर आला आणि दारातच म्हणाला, "आंटी, तुझे हात चांगले आहेत. बंदूक म्हणजे पण स्प्रिंग आणि स्क्रूच. येणार?" तो माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा आणि मला आंटी म्हणायचा, मी त्याला अंकल म्हणायची. इथे तसंच असतं.

माझे यजमान गेले त्यानंतर तर ती आर्मरीच माझं घर झाली. इंग्लिश मी शस्त्रांच्या माहितीपुस्तकांतून शिकले, मांडीवर शब्दकोश घेऊन. त्यामुळे मला स्प्रिंग, पिन, लीव्हर सगळं येतं आणि पाहुण्यांशी गप्पा मारायचं इंग्लिश अजून येत नाही.

गिऱ्हाईकं काय एकेक! एक आपला रत्नागिरीचा चीफ इंजिनियर, बोटीवरून उतरला की यायचा. बूट काढून नेम धरायचा. "काकू, इंजिनरूममध्ये मशीनचं दुखणं मला तळपायातून कळतं. बुटात मी आंधळा." नियमात बूट सक्तीचे, तो ऐकेना, सेंग ऐकेना. शेवटी सेंगनं त्याला कापडी चिनी सपाता आणून दिल्या. टॅम्पिनीसचा एक नवरा बायकोला आपली नेमबाजी दाखवायला घेऊन आला. बायकोनं पहिल्याच दिवशी त्याच्यापेक्षा चांगला नेम मारला. तो परत कधी आला नाही. ती चार वर्षं येत होती.

आता इनामदार. पुण्याचा, बुओना व्हिस्टाला मोठ्या ऑफिसात मॅनेजर, जवळच कॉंडोत फ्लॅट. बोलायला गोड. आला की आधी मला "काकू, कशा आहात?" आणि मग सगळ्या जगाला. त्याला जुनं शस्त्र हवं होतं. "आमचं घराणं सरदारांचं, काकू. तलवार होती. वाटण्या झाल्या तेव्हा काकांकडे गेली. माझ्या हाती काही आलं नाही."

त्याच सुमाराला क्लबातल्या मिसेस पिंटो मुलीकडे ऑस्ट्रेलियाला कायमच्या निघाल्या होत्या. पियानो शिकवायच्या त्या. त्यांच्या नवऱ्याचं एक रिव्हॉल्व्हर होतं, पॉइंट टू-टूचं. माझ्या आईच्या वयाचं असेल. छोटंसं, बिजागरीवर दुमडून उघडायचं, सुपारीच्या अडकित्त्यासारखं. लाकडी मुठीवर अंगठ्याच्या जागी खळगा पडलेला. मिस्टर पिंटो गेले, अंगठा गेला, खळगा राहिला. ते घ्यायला तिघेजण तयार होते. बाईंनी तिघांनाही एकच विचारलं, "घेऊन काय करणार?" एक म्हणाला जपून ठेवीन, दुसरा म्हणाला किंमत वाढेल. इनामदार म्हणाला, "वाजवत राहीन." पियानोवाल्या बाई त्या एका शब्दाला भुलल्या.

सिंगापुरात शस्त्र विकत घेणं म्हणजे काय, तेही सांगते. पोलिसांचा परवाना लागतो, चौकशा होतात, महिने जातात. आणि एवढं करून ते घरी नेता येत नाहीच. ते क्लबातच राहतं. बोर्डिंगात ठेवलेल्या मुलासारखं. मूल तुमचं, पण भेटायचं ठरलेल्या वेळी आणि कुणाच्या तरी नजरेखाली.

नव्या मालकाच्या हाती द्यायच्या आधी ते आम्हीच वाजवून बघायचो. सेंग म्हणाला, "आंटी, तू वाजव." का कोण जाणे, मला आदल्या दिवसापासून हुरहुर. सहा काडतुसं, करंगळीच्या पेरापेक्षा बारीक. या पॉइंट टू-टूचा आवाज धडाम नसतो, ओला टॉवेल झटकल्यासारखा असतो. घोडा मागे ओढला की दोन खटके ऐकू येतात, दुसरा पहिल्याहून बारीक. चाप इतका हलका की आपण ओढला की त्यानं आपल्याला ओढलं ते कळत नाही. पाच भोकं एका पुरीखाली झाकली जातील इतकी जवळ पडली. सहावं बाहेर गेलं, कारण मला हाव सुटली. सेंग दुर्बिणीतून बघून म्हणाला, "पाच बंदुकीचे, एक तुझं." तेवढं एक वाक्य मी कितीतरी दिवस जपलं होतं.

इनामदारनं मात्र शब्द पाळला नाही. तीनदा वाजवलं असेल. फोटो मात्र पुष्कळ. मग नवरात्र आलं आणि त्याची आई पुण्याहून आली.

"काकू, एक विनंती," तो म्हणाला. "खंडेनवमीला शस्त्राची पूजा करायचीय. आईची फार इच्छा आहे. बाबा गेल्यापासून घरात शस्त्रपूजा नाही."

आता मी मिरजेची. आमच्या दुकानात खंडेनवमीला पेचकस, पाने, तेलाच्या बुधल्या सगळं मांडून, झेंडू वाहून पूजा व्हायची. वडील त्या दिवशी हत्यार हातात धरायचे नाहीत. मला नाही म्हणवेना. आणि खरं सांगायचं तर मिरवायचंही होतं. इतक्या वर्षांत आपल्या माणसांपैकी कुणी माझ्या आर्मरीला देवघर मानलं नव्हतं.

सेंग त्या दिवशी रजेवर. मी रिव्हॉल्व्हर काढलं, उघडून रिकामं दाखवलं, बाजूच्या खोलीत टेबलावर पांढरं फडकं पसरून त्यावर ठेवलं. इनामदारची आई आली, नऊवारी नव्हे, साधी सहावारी, हातात पूजेची परडी. माझ्याच वयाची. मी दोघांना बजावलं. "फुलं चालतील. कोरडं हळदकुंकू फडक्याला लावा, शस्त्राला नाही. पाणी नको, पंचामृत नको. आणि दिवा नाही. या इमारतीत ज्योत पेटवायची नाही."

"दिवा नाही?" इनामदारच्या आईचा चेहरा पडला. "दिव्याशिवाय पूजा कशी व्हायची हो?"

"मनातला लावा," म्हटलं. फार हुशार वाटलं तेव्हा स्वतःचं उत्तर.

तेवढ्यात बाहेर काउंटरवर कुणी घंटी वाजवली. मी गेले. पाच मिनिटं. परत आले तर पूजा झालेली, दोघं हात जोडून उभी, रिव्हॉल्व्हर फडक्यावर जागच्या जागी, वर एक शेवंती. मी फूल उचललं, वरून पुसलं, कपाटात ठेवलं. आणि रजिस्टर उघडलं.

उघडलं आणि मिटलं. काय लिहू? "पूजेसाठी काढले"? क्लबाच्या सेक्रेटरी बाई वाचतील, विचारतील, हसतील. वाजवलं तर नाहीच, म्हटलं. शस्त्राला हात लागला आणि पेन लागलं नाही, असं चौदा वर्षांत एकदाच झालं.

पुढच्या आठवड्यात क्लबाची छोटी स्पर्धा. इनामदार त्याचं पिंटोंचं रिव्हॉल्व्हर घेऊन उभा. आई मागे काचेपलीकडे, मुलाचं कौतुक बघायला. सेंग नेमबाजांच्या मागे टेबलाशी उभा होता, नेहमीसारखा, टेबलावर त्याचा बार्लीच्या पाण्याचा थर्मास, शेजारी मी.

पहिला चाप. खट्. काही नाही. दुसरा. खट्. तिसरा, चौथा. घोडा पडतोय, पण कसा, तर झोपेतल्या माणसानं चापट मारावी तसा. काडतूस वाजलं नाही तर काय करायचं हे आम्ही पहिल्या धड्यात शिकवतो. नळी समोरच ठेवायची, तीस अंक मोजायचे, हात वर करून आम्हाला बोलवायचं. वळायचं नाही. काही झालं तरी वळायचं नाही. हे त्यानं सही करून मान्य केलेलं आहे.

तो वळला. रिव्हॉल्व्हर हातात, बोट चापावर, अख्खा वळला आणि म्हणाला, "काकू, हे बघा ना, चालतच नाहीये..." आणि दाखवायला म्हणून चाप ओढला.

ओल्या टॉवेलचा आवाज. सेंगचा थर्मास टेबलावरून उडाला. सेंगच्या कमरेपासून टीचभर अंतरावर होता तो. बार्लीचं पाणी त्याच्या पँटवरून खाली आलं आणि मला एक क्षण वाटलं की रक्तच आहे, पाण्याच्या रंगाचं. वेड लागल्यासारखं होतं. सेंग जागेवरच उभा राहिला. मग शांतपणे पुढे झाला, इनामदारचं मनगट धरून नळी समोर वळवली आणि म्हणाला, "आंटी, टेक."

मी घेतलं. उघडलं, काडतुसं काढली. आणि मला वास आला.

खोबरेल तेलाचा. हातात गरम झालेलं खोबरेल. मराठी बाईला तो वास सांगावा लागत नाही. वडिलांच्या दुकानात थंडीत दर दुसरं मशीन त्याच वासाचं यायचं. बायका घरचं तेल म्हणून मशीनमध्ये खोबरेल घालायच्या, थंडीत ते थिजायचं, मशीन जाम. वडील गिऱ्हाइकाला फैलावर घ्यायचे, "डोक्याचं तेल डोक्याला, मशीनचं मशीनला!" आमच्या आर्मरीत बारा महिने एसी, शस्त्रांना दमट हवा नको म्हणून. तिथे खोबरेल थिजून तुपासारखं होणार, घोड्याच्या खाचेत गच्च बसणार, घोड्याचा दणका काडतुसापर्यंत पोचू देणार नाही. आणि इनामदारच्या घामट मुठीत दहा मिनिटं तापलं की विरघळणार. विरघळलं, आणि घोडा मोकळा झाला, नेमका तो वळल्यावर.

हे सगळं मला त्या एका श्वासात कळलं. आणि मी गप्प बसले.

पोलीस आले, रिव्हॉल्व्हर पिशवीत घालून सील झालं, जबाब झाले. इनामदारनं लिहून दिलं की शस्त्र नीट साफ केलेलं नव्हतं आणि आर्मररचं, म्हणजे सेंगचं, आता वय झालंय. क्लबानं रजिस्टर बघितलं. शेवटचं साफ केलं कोणी? सेंग. त्यानंतर स्पर्धेपर्यंत हात लावला कोणी? कोणी नाही. रजिस्टरच सांगत होतं ना. चौकशीची तारीख लागली, दहा दिवसांनंतरची.

तीन-चार दिवसांनी इनामदार माझ्या घरी आला. बुकित बातोकला, मिठाईचा बॉक्स घेऊन.

"काकू, तुम्ही आपल्या आहात म्हणून बोलतो."

"आपल्या म्हणजे कुणाच्या?"

"असं काय करता? पोलीस केस झाली तर माझा इथला नोकरीचा पास रिन्यू व्हायचा नाही. मुलं शाळेत आहेत. सेंग काय, सत्तरीला आलेत. आज ना उद्या घरी बसणारच."

"आणि तेल?"

"कुठलं तेल?"

"इनामदार, मला वास आलाय."

तो जरा वेळ बॉक्सवरच्या रिबिनीशी खेळत राहिला. "आईनं घातलं. दिव्यासाठी आणलं होतं. तुम्ही दिवा लावू दिला नाहीत, म्हणाली, निदान तेल तरी शस्त्राला लागू दे. अक्षताही तिनंच वाहिल्या. तिला काय कळतंय?"

"तुम्हाला तर कळत होतं! तुम्ही तिथे उभे होतात!"

"आईला पूजेत कसं अडवायचं, काकू?" मग टिश्यूनं तोंड पुसत अगदी हळू म्हणाला, "आणि रजिस्टरमध्ये तुम्हीही काही लिहिलेलं नाही. मी बघितलं."

मी त्याला चहा दिला. हे लिहिताना आज इतक्या वर्षांनीही पेन कागदात रुततंय माझं, रागानं. हाकलून द्यायचं सोडून मी त्याला चहा दिला! आल्याचा! आणि तो पिऊन, "चहा मस्त झालाय," म्हणून गेला. माझी नोकरी जाईल, इतकी वर्षं कमावलेलं नाव जाईल, आर्मरीतली एकुलती एक बाई पूजा घालत बसली म्हणून लोक हसतील, हे सगळं मी त्या चहाबरोबर ढवळलं आणि गिळलं. आपली माणसं, आपली माणसं! मला सांगा, चौदा वर्षं ज्यानं मला एकेक स्क्रू ओळखायला शिकवला तो माझा माणूस नव्हता, आणि हा मिठाईवाला माझा?

रोज कामावर जात होते. सेंगला कामावरून दूर ठेवलं होतं, तरी तो यायचा, बाहेर बाकावर बसायचा. माझ्याशी बोलायचा. मी त्याच्या डोळ्यांकडे बघायची नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी तो खणातली आपली हत्यारं बिस्किटाच्या डब्यात भरत होता. बारके पेचकस, पितळी ब्रश, त्याचा तो सशाच्या शेपटीसारखा पुसणा. मी दारात उभी. एकदम थांबला आणि स्वतःचे दोन्ही हात उलटसुलट करून बघायला लागला.

"मे बी आय ओल्ड ऑलरेडी, आंटी," म्हणाला. "त्या दिवशी साफ केलं असं मला वाटतंय. पण केलं नसेल. मे बी आय फर्गेट."

त्याला नोकरी गेल्याचं नव्हतं वाटत. त्याला आपल्या हातांचा भरवसा उरला नव्हता. या दोघांनी, नाही, आम्ही तिघांनी मिळून त्या माणसाचे हात त्याच्याकडून काढून घेतले होते. कुणाचा खून केला असता तरी इतका राग आला नसता मला स्वतःचा.

मी घरी गेले, न्हाणीघरातली खोबरेलाची बाटली पर्समध्ये टाकली, परत आले आणि ती आर्मरीतल्या कपाटाच्या वर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी चौकशीत तिघं बसलेले, सेक्रेटरी बाई, अध्यक्ष आणि सील उघडायला पोलिसांचा एक माणूस. इनामदार टाय लावून. मी न विचारता उभी राहिले. बाटली टेबलावर उलटी केली. काही पडेना. आत पांढरंशुभ्र, घट्ट. मग मुठीत धरली आणि माझ्या मोडक्या इंग्लिशमध्ये सगळं सांगायला लागले. पूजा काय, खंडेनवमी काय, दिवा मी लावू दिला नाही, रजिस्टरमध्ये मी लिहिलं नाही, मी, मी लिहिलं नाही. सांगून होईतो मुठीतलं तेल पातळ झालं होतं. बाटली पुन्हा उलटी केली, तेल सेक्रेटरी बाईंच्या कागदांवर ओघळलं.

"आता उघडा," म्हटलं.

पोलिसांच्या माणसानं सील तोडलं, सेंगनं उघडलं. घोड्याच्या खाचेत पांढरा साका, त्यात कुंकवाची लाल रेघ, आणि ठेचलेला एक तांदळाचा दाणा.

इनामदार म्हणाला, "आय वॉजन्ट अवेअर." मी त्याच्याकडे वळून मराठीत म्हटलं, "खोटं बोलू नका. आईच्या वयाची बाई समोर उभी आहे." तेवढंच. त्याहून मोठं, घाणेरडं काहीतरी बोलायला हवं होतं, ते मला रोज अंघोळ करताना सुचतं.

सेंगवरचा ठपका गेला. माझ्याकडून आर्मरीची किल्ली त्याच दिवशी काढून घेतली. बरोबर केलं. इनामदारचं सदस्यत्व आणि परवाना गेला. पास काही गेला नाही हो त्याचा, ताकीद देऊन सोडला. आजही बुओना व्हिस्टाला मजेत आहे आणि गणपतीत लोकांच्या पाया पडतो. वाटतं, वाकलं की झालं. कुठे वाकायला हवं होतं ते माहीत आहे त्याला. सेंगच्या दारात अजून गेलेला नाही. म्हणून घेतले मी पाय आत. आणि खरं सांगू, नमस्कार घेण्यासारखं माझ्याही पायांत काही नव्हतं.

रिव्हॉल्व्हरचं काय झालं ते राहिलं. परवाना रद्द, मालक नको म्हणतोय, चौकशीत अडकलेलं शस्त्र दुसरं कोणी घेईना. कापून नष्ट करायचं ठरलं. सगळ्या प्रकरणात ज्याचा काही गुन्हा नव्हता, त्याला शिक्षा सगळ्यात मोठी. मिसेस पिंटोंना मी पत्र लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

ज्या दिवशी ते न्यायला येणार होते त्या दिवशी मी माझा डबा, छत्री आणायला गेले होते. सकाळची वेळ. सेंग टेबलाशी बसून ते साफ करत होता. सगळं सुटं करून, फडक्यावर ओळीनं मांडून, जसं दुसऱ्या दिवशी स्पर्धेला जायचंय.

"अंकल," म्हटलं, "कापणारच आहेत. साफ कशाला करताय?"

"डर्टी कॅनॉट गो," तो म्हणाला. मान वर न करता.

मी सवयीनं समोर बसले आणि फडक्यासाठी हात पुढे केला. चौदा वर्षं मी हात पुढे केला की त्यात फडकं यायचं. आलं नाही. तो नळी पुसत राहिला. मग म्हणाला, "टेन डेज, आंटी."

मी हात मागे घेतला.

"तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टेन डेज मी माझे हात बघत बसलो."

तो मूठ पुसत होता, तो अंगठ्याचा खळगा, पुन्हा पुन्हा. मग काडतुसांचं चक्र उचललं, उजेडाकडे धरलं, डोळा बारीक केला, आणि ते टेबलावरून माझ्याकडे सरकवलं.

"अजून एक आहे आत. युवर राइस. यू टेक आउट."

माझ्या पर्समध्ये शिलाई मशीनची सुई असतेच. काढली. दाणा पहिल्यांदा सुटला नाही, दुसऱ्यांदाही नाही. सेंगनं टेबलावरचा दिवा माझ्या बाजूला वळवला.